श्वास तिचा, सोबत कुणाची?

१९५१ साली सोव्हिएत आरोग्य मंत्रालयाने एक अजब हुकूम काढला. देशभरातल्या प्रसूतिगृहांनी बायकांना वेदनेशिवाय बाळंत व्हायला शिकवावं, असं त्यात फर्मावलं होतं. त्यासाठी औषध नको, भूल नको. गरोदर बाईला शरीरात काय काय घडणार हे आधी नीट समजावून सांगायचं. कळ आली की सावकाश, खोल श्वास कसा घ्यायचा, पोटावरून हलका हात कसा फिरवायचा, कमरेशी कुठे दाबायचं, याची तयारी करून घ्यायची. एवढ्यावर वेदना आवरेल, असा सरकारचा भरवसा होता. खारकीवचे डॉक्टर इल्या वेल्वोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बांधली होती. तिला शास्त्रीय बैठक होती रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हची. घंटेपाठोपाठ खाणं मिळत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तसंच बाळंतपण म्हणजे यातना, हे लहानपणापासून ऐकून मेंदूला वेदनेची सवय लागते. लागलेली सवय मोडताही येते, असा हा सगळा युक्तिवाद.

त्यामागे व्यवहाराचं गणितही होतं. महायुद्धात देश होरपळून निघाला होता, औषधं तुटपुंजी होती आणि भूलतज्ज्ञ त्याहून कमी. श्वासाला मात्र खर्च नव्हता.

श्वास फुकट असतो ही त्याची मोठी सोय, आणि त्याच्या नावावर बायकांची जी काही निराशा झाली तिचं मूळही त्यातच आहे. कळा सोसताना श्वासाचा उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तर ‘होतो’ असंच द्यावं लागेल. पण ज्या ज्या ठिकाणी तो चांगला कामी आला, तिथे बाईच्या उशाशी कुणीतरी माहितगार माणूस बसलेलं होतं. माणसाला पगार लागतो, बसायला जागा लागते, वेळ लागतो. म्हणून व्यवस्थांनी वारंवार एकच केलं: श्वास ठेवला आणि माणूस वगळला.

सोव्हिएत हुकमाच्याच वर्षी फ्रेंच डॉक्टरांचं एक शिष्टमंडळ तिकडे गेलं होतं. त्यात फेर्नां लामाझ हे साठीला टेकलेले प्रसूतितज्ज्ञ होते. लेनिनग्राडमध्ये त्यांनी एका बाईचं बाळंतपण पाहिलं. आरडाओरडा नाही, तडफड नाही. बाई शांतपणे एकेक कळ पार करत होती. उभी हयात बाळंतपणं करण्यात गेलेल्या माणसाला हा धक्काच होता. पॅरिसला परतल्यावर लामाझ यांनी ब्लुए रस्त्यावरच्या प्रसूतिगृहात ही पद्धत सुरू केली. हे प्रसूतिगृह धातुकामगारांच्या संघटनेचं. तिथे येणाऱ्या बायका कामगार घरातल्या, आणि व्यवस्थापन डाव्या विचारांचं. तरीही १९५६च्या जानेवारीत खुद्द पोप बाराव्या पायस यांनी जाहीर केलं की या पद्धतीत धर्माविरुद्ध काही नाही. बाईने वेदनेत प्रसवावं असं बायबल सांगतं, म्हणून वेदना कमी करणंच पाप, अशी शंका अनेक भाविकांच्या मनात होती. स्टालिनच्या राज्यात जन्मलेल्या पद्धतीला व्हॅटिकनचा आशीर्वाद मिळावा, असा योग क्वचितच जुळून येतो.

लामाझ यांनी मूळ पद्धतीत स्वतःची भर घातली. कळ शिगेला पोहोचली की उथळ, भराभर श्वास घ्यायचा. फ्रेंच बायका त्याला ‘छोट्या कुत्र्याचा श्वास’ म्हणत. नवऱ्यालाही तयारीत ओढून घेतलं. पण ब्लुएमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. तिथे ‘मोनित्रिस’ नावाची प्रशिक्षित बाई प्रसूतीच्या वेळी गरोदर बाईजवळ असे. कळ सुरू होताना ती ओळखायची, श्वासाची लय धरून द्यायची, लय सुटली की पुन्हा जुळवून द्यायची. वर्गात शिकलेलं ऐन वेळी आठवत नाही, हे त्या प्रसूतिगृहाला ठाऊक होतं. आठवण करून देणाऱ्या माणसाला तिथे पगार होता.

मार्जरी कार्मेल ही अमेरिकन तरुणी १९५५ साली पॅरिसमध्ये लामाझ यांच्याकडे बाळंत झाली. मायदेशी तिला काय पाहायला मिळालं? तिथल्या रुग्णालयांत बाळंतिणींना स्कोपोलामाइनसारखी औषधं देत. त्याने वेदना जात नसे, वेदनेची आठवण जाई. शुद्ध-बेशुद्धीच्या सीमेवर बाई तळमळे, म्हणून काही ठिकाणी तिचे हात बांधून ठेवत. नवरा बाहेर सिगारेटी ओढत बसे. कार्मेलने १९५९ मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. ते हातोहात खपलं. पुढच्याच वर्षी तिने एलिझाबेथ बिंग या फिजिओथेरपिस्टसोबत संस्था काढली आणि लामाझ हे नाव अमेरिकेत घरोघरी पोहोचलं. अमेरिकी रुग्णालयांत मोनित्रिस नावाचं पदच नव्हतं. तिची जागा नवऱ्याने घेतली. त्यामुळे बापाला प्रसूतिकक्षाचं दार उघडलं, हा या चळवळीचा मोठा विजय. पण सहा आठवडे संध्याकाळच्या वर्गाला गेलेला, स्वतःच भेदरलेला नवरा आणि शेकडो बाळंतपणं पाहिलेली बाई यांत फरक उरतोच.

सोव्हिएत देशात तर तेवढंही घडलं नाही. तिथल्या प्रसूतिगृहात नातेवाइकांना आत मज्जाव होता. हुकूम देशभर गेला, पण तो पाळण्याएवढ्या शिकलेल्या सुइणी आणि त्यांच्याकडे तेवढा वेळ कुठून येणार? कागदोपत्री आकडे चांगले येत राहिले.

आणि जिथे श्वास चालला नाही, तिथे खापर कुणावर फुटलं? लामाझ यांच्या प्रसूतिगृहात बाळंतपणांना श्रेण्या देत. कुणाचं उत्तम, कुणाचं बरं, कुणाचं अपयशी. ज्या बाईला कळ सोसवली नाही, ती तयारीत कमी पडली, तिच्या मनात शंका होती, असा निष्कर्ष निघे. पद्धत कधीच नापास होत नसे, नापास बाई होई. बाईकडे बोट दाखवण्याची रीत त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ आणि १९४२ च्या पुस्तकांतून भीती, ताण आणि वेदना यांची साखळी मांडली होती. भीतीने स्नायू आवळतात, आवळल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते. हे निरीक्षण आजही टिकून आहे. पण ‘रानटी’ समाजांतल्या बायका विनासायास बाळंत होतात आणि सुशिक्षित बाईने तो सहजपणा गमावलाय, ही त्यांची पुढची उडी पुराव्यावर उभी नव्हती. शिवाय इंग्रज मध्यमवर्गीय घरांत मुलं कमी होतायत, याची काळजीही त्यांना होती. बाईच्या वेदनेची चर्चा निव्वळ बाईच्या वेदनेपुरती क्वचितच राहिली आहे.

मग श्वास नेमकं करतो काय? कळांचा जोर वाढल्यावर साधारण दहा मिनिटांत तीन ते चार कळा येतात. एकेक कळ मिनिटभराची धरली, तर दहातली सहा-सात मिनिटं कळ नसते. घाबरलेली बाई हा मोकळा वेळही पुढच्या कळेची धास्ती घेत घालवते. खांदे वर, मुठी वळलेल्या, दात आवळलेले. दोन तासांत तिचं अंग कळांपेक्षा ताणानेच दमून जातं. संथ श्वासाची खरी कमाई इथे आहे. कळ येतेय असं वाटलं की आधी एक पूर्ण उच्छ्वास सोडायचा, मग नाकाने आत आणि तोंडाने जरा लांबवून बाहेर. उच्छ्वास लांबला की नाडी उतरते, जबडा सैल होतो, खांदे खाली येतात. कळ ओसरली की आणखी एक लांब उच्छ्वास, घोटभर पाणी आणि पडून राहणं. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली वेदनेचा ‘द्वार-सिद्धांत’ मांडला. वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचताना वाटेत दाबता किंवा वाढवता येतो आणि लक्ष कुठे आहे, भीती किती आहे यावरही ते अवलंबून असतं, असं त्यांचं प्रतिपादन होतं. कमरेवरचा दाब, श्वासाची लय, कुणाचा तरी ओळखीचा आवाज या सगळ्यांचा उपयोग या वाटेवर होतो.

चुकीचा श्वास मात्र उलटतो. गरोदर बाईचा श्वासोच्छ्वास एरवीच वाढलेला असतो, त्यामुळे तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड आधीच कमी असतो. इतर माणसांत त्याचा दाब चाळीसच्या आसपास, तर दिवस भरलेल्या बाईत तो तीसच्या घरात. त्यात ती भराभर धापा टाकू लागली की तो आणखी घसरतो. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, घेरी येते. पातळी फारच खाली गेली तर गर्भाशयाकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळणाऱ्या ऑक्सिजनवर परिणाम होऊ शकतो. ‘छोट्या कुत्र्याच्या श्वासा’वरचा भर पुढे कमी झाला, त्याला हे शहाणपण कारण आहे. धापा टाकायची वेळ आज सहसा एकदाच येते. बाळाचं डोकं योनिद्वारात दिसू लागलं की जोर थांबवून फूं-फूं करत हलके श्वास सोडायला सांगतात, म्हणजे डोकं हळूहळू बाहेर येतं आणि फाटणं कमी होतं.

जोर लावण्याबद्दलही असंच. ‘श्वास धरून ठेव, लाव जोर, लाव, लाव!’ हा आवाज प्रसूतिकक्षाबाहेर बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. उरुग्वेचे डॉक्टर रोबेर्तो काल्देरो-बार्सिया यांनी १९७०च्या दशकातच इशारा दिला होता की, बराच वेळ श्वास रोखून लावलेला जोर बाळाच्या ऑक्सिजनच्या दृष्टीने बरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीही सांगतात की बाईला आतून जोर येतो तेव्हा तिच्या कलाने तिला लावू द्यावा.

आता पुराव्यांकडे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या याच रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९८४ साली ‘वेदनारहित बाळंतपण’ ही दंतकथा आहे, असं स्पष्ट लिहिलं. तयारीचे वर्ग केलेल्या बायकांच्या वेदनेचे आकडे इतरांपेक्षा कमी आले, पण तरीही ते चढेच होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींनी शेवटी एपिड्युरल, म्हणजे कमरेत सुई देऊन केलेली भूल, मागितलं. स्वीडनमध्ये १०८७ पहिलटकरणींवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला श्वास आणि शिथिलीकरणाचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला नेहमीचे वर्ग. एपिड्युरल घेण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं: ५२ टक्के. शिथिलीकरण आणि योगावरच्या चाचण्यांचे आढावे सांगतात की थोडा फायदा दिसतो, पण पुरावा कच्चा आहे.

याच्या शेजारी दुसरा आढावा ठेवावा. बाळंतपणात अखंड सोबत मिळाल्याने काय होतं, यावर १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांच्या २६ चाचण्यांचा आढावा २०१७ साली आला. सोबत मिळालेल्या बायका थोड्या लवकर मोकळ्या झाल्या. नैसर्गिक प्रसूती वाढल्या, सिझेरियन कमी झाली, वेदनाशामकं कमी लागली आणि बाळंतपणाची आठवण वाईट राहण्याचं प्रमाण घटलं. श्वासावरच्या चाचण्या डळमळीत आणि सोबतीवरच्या भक्कम, यातून श्वास कुचकामी ठरत नाही. श्वास हे सोबतीच्या हातातलं अवजार आहे आणि हात नसलेल्या अवजाराची चाचणी घेतली की असेच निकाल येणार.

महाराष्ट्रात श्वासाच्या या गोष्टीला एक वेगळंच वळण मिळालं. बालाजी तांबे यांच्या ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ या पुस्तकानंतर ‘गर्भसंस्कार’ या नावाने वर्ग, कॅसेटी, आता ऑनलाइन शिकवण्या यांचं पेवच फुटलं. पुण्या-मुंबईत सातव्या महिन्यातली नोकरदार मुलगी शनिवारी प्राणायामाच्या वर्गाला जाते. तिथे अनुलोम-विलोम, भ्रामरी शिकवतात, ओंकार लावतात. कपालभाती, भस्त्रिका आणि लांब कुंभक टाळायला सांगतात, हे योग्यच. भ्रामरीत तर लांब, आवाजी उच्छ्वास असतो, कळेच्या वेळी तो फार उपयोगी पडू शकतो. पण त्या वर्गांत बाळाच्या बुद्धीबद्दल, सात्त्विकतेबद्दल जेवढं बोलतात, तेवढं प्रसूतिकक्षात प्रत्यक्ष काय होईल याबद्दल बोलत नाहीत. रुग्णालयात दाखल झाल्यावर सलाइन लागणार, पाठीवर झोपवणार, आईला बाहेर थांबायला सांगणार, तेव्हा ही भ्रामरी कोण आठवून देणार?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि २५.४ टक्के सिझेरियनने. दवाखान्यात बाळंत होण्याने जीव वाचले, याबद्दल दुमत नसावं. २०१८-२० मध्ये राज्याचा मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. पण घरच्या बाळंतपणात सुईण पाठीमागे बसून टेकू द्यायची, आई तोंडावरून हात फिरवायची, ती माणसं दवाखान्याच्या दारातच थांबली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आपण आजही पाळतो. माहेरची माणसं फळ्यांच्या बाकावर बसून राहतात आणि मुलगी आत एकटी असते.

याचं भान सरकारलाही आलं होतं. २०१६ साली केंद्राने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ती बाई नात्यातली असावी आणि शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. तिने शेवटपर्यंत थांबावं आणि डॉक्टर-नर्सच्या कामात लुडबूड करू नये, अशा अटी होत्या. २०१७ च्या अखेरीस आलेल्या, प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ या केंद्राच्या कार्यक्रमाने सोबतीण हा गुणवत्तेचा निकष ठरवला. तरी अनेक ठिकाणी अडतं ते साध्या पडद्यावर. एका खोलीत चार टेबलं, मध्ये आडोसा नाही. एकीची आई आत आली तर दुसरीची अब्रू उघडी पडते, म्हणून कुणालाच आत सोडायचं नाही, असा तोडगा निघतो. पडदा किती रुपयांना येतो?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. श्वास आणि सोबत यांचं कौतुक करत बसलो तर एपिड्युरलची मागणी मागे पडेल. गरीब बाईला ‘दीर्घ श्वास घे’ म्हणायचं आणि श्रीमंत बाईला कंबरेत सुई द्यायची, असंच चालू राहील. सोव्हिएत देशातही औषधाच्या जागी श्वासच पुढे केला गेला होता. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत: एपिड्युरल हवं असलेल्या निरोगी बाईला एपिड्युरल, श्वास आणि शिथिलीकरण हवं असलेल्या बाईला ते, आणि सोबत सगळ्यांनाच. आठ तास श्वासावर काढून नवव्या तासाला ‘आता नाही सहन होत’ म्हणणारी बाई कुठल्याही परीक्षेत नापास होत नाही. तिने आठ तास काढलेले असतात. सिझेरियनच्या टेबलावर, कमरेतली सुई टोचताना स्थिर बसायचं असतं, तेव्हाही तोच संथ श्वास कामी येतो. तो शिकवायचा असेल तर असा शिकवावा.

सोबतीणही निव्वळ प्रेमळ असून भागत नाही. घाबरलेली आई मुलीचा धीर खचवू शकते. ‘माझ्या वेळी तर दोन दिवस कळा होत्या’ ही गोष्ट तिने ऐन कळेत सांगू नये, एवढं तरी तिला आधी कळायला हवं. म्हणून श्वासाचे वर्ग गरोदर बाईइतकेच तिच्या आईसाठी, सासूसाठी, नवऱ्यासाठी हवेत. कळ सुरू होताना खांद्यावर हात ठेवून ‘सोड श्वास, सोड’ एवढंच म्हणायचं, ओठांना मुंग्या आल्याचं ती म्हणाली तर तिला सावकाश उच्छ्वासावर आणायचं, आणि काही बिनसलं असं वाटलं तर नर्सला हाक मारायची.

घरच्या माणसाच्या जोडीला शिकलेली सुईणही लागेल. केंद्राने २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन साधी, निर्धोक बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची, असा त्यांचा आराखडा आहे. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ साली, हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या आणि युनिसेफच्या मदतीने सरकारी रुग्णालयांसाठी अशा सुइणी घडवायला सुरुवात केली. पण नुसतं प्रशिक्षण पुरणार नाही. एका नर्सकडे एकाच वेळी अनेक बाळंतिणी असतील, तर ती ओरडूनच काम करून घेणार. तिचा स्वभाव बदलण्याआधी तिच्या वाट्याची संख्या बदलावी लागेल.

तोवर सातव्या महिन्यातल्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी रुग्णालयात चार प्रश्न विचारून घ्यावेत. कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोण थांबू शकेल? मला उठून फिरता, कुशीवर वळता येईल का? जोर कधी लावायचा हे माझ्या कलाने ठरेल का? रात्री दोन वाजता एपिड्युरल मिळेल का? उत्तरं टाळाटाळीची आली, तर श्वासाच्या वर्गाची फी भरण्याआधी रुग्णालय बदलता येतं का, हे पाहावं. ज्यांच्यापुढे ग्रामीण रुग्णालयाशिवाय दुसरा पर्याय नाही, त्यांच्या वतीने हेच प्रश्न रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारले जावेत, आणि इतिवृत्तात नोंदले जावेत.